घोड्यांचे दात

वऱ्हाड निजामाचं, कारभार नागपूरच्या साहेबाचा आणि सुलतानपुरात चालायचं ते उत्तमरावांचं, असे ते दिवस. पुंजाजी यांपैकी कुणाशीच भांडत नव्हता. जन्मभर भांडून तो थकला होता. उन्हाळ्यात त्याचा म्हातारा बैल बसला तो उठलाच नाही, आणि पेरणी तर तोंडावर आलेली. अशा वेळी उत्तमरावांनी आपणहून बैलजोडी धाडली. बदल्यात मागितलं काय, तर त्याच्या वावरातून गाड्या जाऊ द्यायच्या. पलीकडे विधवा गोजरबाईचं विहिरीचं वावर होतं, ते बळकवायला माणसं-गाड्या न्यायची दुसरी वाट नव्हती. पुंजाजीची वांगी तिच्याच विहिरीवर जगायची. तरी तो "देतो" म्हणून बसला होता. गाड्या उद्या यायच्या होत्या.

संध्याकाळी पारावर रंगराव बोलत होता. पलटणीतून चीन पाहून आलेला हा गडी. त्याच्या निम्म्या गोष्टी गावानं थापांत जमा केलेल्या. आज त्यानं तिथल्या एका चहावाल्याकडून ऐकलेली जुन्या राज्याची गोष्ट काढली.

"यू नावाचं राज्य होतं. हजारो वर्षं झाली. थोरल्या राजाच्या भाऊबंदाले वतन भेटलेलं. लहानच, पण डोंगरातली वाट त्याच्या हातात, त्या वाटेवरच ते वर आलं. शेजारी ग्वो. दोघं एकमेकाच्या आधारानं उभे. मंग मोठ्या जीनच्या राजानं यूच्या राजाले नामी घोडे अन् एक मोलाचा हिरवा दगड धाडला. म्हणे, तुह्या राज्यातून वाट दे, मले ग्वोवर जाचं हाय. प्रधान म्हणे, देऊ नका महाराज, ओठ गेले का दात गारठतात. पण राजाले घोडे भावले."

"मंग?" पुंजाजीनं विचारलं.

"मंग काय. फौज गेली, ग्वो बुडालं. वापस येता येता तिनं यू बी गिळलं. राजा बांधल्या गेला. जीनचा सरदार आपल्या घोड्यायचे जबडे उघडून पाहून म्हणे, घोडे तेच हायेत, वयानं दात तेवढे वाढले."

पारावर हशा पिकला. पुंजाजीला हसू आलं नाही. त्याला राग आला होता, तो रंगरावाचा नव्हे, उत्तमरावांचाही नव्हे. थकला म्हणून आपण दोन बैलांत विकले गेलो, याचा.

"पुंजाजीभाऊ, काऊन उठले?" रंगरावानं विचारलं.

"घरी लोकायचे बैल बांधून हायेत. पोचवून येतो."

गोठ्यात जोडी निवांत कडबा खात होती. देखणी जोडी. हिच्यावर पेरणी चुटकीसरशी झाली असती. आता दारोदार बैल मागत फिरायचं, नाहीतर कुदळीनं जमेल तेवढं पेरायचं, आणि वर उत्तमरावांशी वैर. तो थोडा वेळ गव्हाणीला टेकून उभा राहिला.

मग त्यानं जवळच्या बैलाचा जबडा उघडून पाहिला. चार दात. आला तेव्हाही चारच होते.

त्यानं दावं सोडलं.