दाराला लावलेली दांडी

पाटाच्या पाण्याचा दरवाजा उघडायची लोखंडी दांडी आमच्या गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून लावलेली होती. त्या सकाळी मी ती काढली, तसं दार धाडकन आपटलं. म्हैस दचकली. आमचे हे दचकले नाहीत.

अर्धं आयुष्य ह्यांनी पाटकरी म्हणून त्याच दांडीनं गावाला पाणी सोडलं. मग सुधारणा आली. पाटकऱ्याची जागा रद्द झाली, दरवाजाला मोटर बसली आणि तिचं बटण शहरातल्या कचेरीत गेलं. निरोपाला भाषणं झाली. दांडी भंगारात निघाली होती, ती ह्यांनी मागून आणली. तेव्हापासून हे ओट्यावर बसून असत. राग नाही, रड नाही. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही.

आमचं रान पाटाच्या पार शेपटाला. भुईमूग शेंगा भरायला आलेला आणि वर दरवाजाची मोटर जळून पडलेली. कचेरीला फोन केला, तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, इथं पडद्यावर दरवाजा उघडाच दिसतोय. मी म्हटलं, बाई, पाटात कुत्रं झोपलंय. तिनं तेही लिहून घेतलं. जाऊबाई म्हणाली, दरवाजा आता शहरातून सांगितलेलं ऐकतो म्हणे. तुझा नवरा कानाशी सांगितलेलं ऐकत नाही. काखेत कळसा होता, पण वळसा घालायलाही हा माणूस उठेना.

"अहो, चला की. दांडीचे चार फेरे फिरवायचेत."

"मला आता अधिकार नाही."

"भुईमूग वाळतोय."

"त्यानं अर्ज करावा."

ह्यांनी ते थट्टेनं म्हटलं नव्हतं. तेच मला लागलं.

दांडी खांद्यावर टाकून मी दिवसाढवळ्या निघाले. मोटरीखाली जुना चौकोनी खुंट तसाच होता. दांडी त्यावर माहेरी आल्यासारखी बसली. हाताची सालटं निघाली, पण दरवाजा उचलला. कुत्रं उठून काठावर गेलं.

पाण्याच्या मागं मागं रानात पोचले, तर हे आधीच तिथं. फावड्यानं वाफ्याचं तोंड फोडत होते. माझ्याकडं बघितलं नाही.

दोन-तीन दिवसांनी कचेरीचे साहेब जीपमधून आले. नवी यंत्रणा शेवटच्या शेतापर्यंत पोचली, ते त्यांना बघायचं होतं.

"काका, पाणी कसं आलं इथवर?"

माझ्या पदरात गुंडाळलेल्या हातांकडं ह्यांनी बघितलं.

"आपोआप."

साहेब खूश झाले. ह्यांना ओल्या वाफ्यात उभं करून फोटो काढला. जीप गेली.

घरी आल्यावर ह्यांनी दांडीला तेल चोळलं. गोठ्याच्या दाराला एक दगड लावला. मग ओट्यावर बसले आणि चहा मागितला.