चौकशीच्या खिडकीला सवत

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. रुग्णालयाच्या दालनात बोटाने चालणाऱ्या नव्या आरोग्य-माहिती यंत्रापुढे अकरा माणसे. शेजारच्या चौकशीच्या खिडकीपुढे एकही नाही.

खिडकीआड बसणाऱ्या चौकशीकाकांनी हे आकडे वहीत टिपले. कोणत्या तपासणीला उपाशीपोटी यायचे, कोणती गोळी जेवणानंतर घ्यायची, हे बावीस वर्षे लोक त्यांनाच विचारत आले होते. आता अधीक्षकबाईंनी सांगून टाकले होते : महिनाअखेर ज्याच्याकडे माणसे जास्त, ते राहील. खिडकी हरली, तर काकांची रवानगी तळघरातल्या जुन्या कागदांत.

एक आजी पडद्यावर बोट टेकवून गोड हसल्या. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. खिडकीशी त्या कधी हसल्या नव्हत्या.

“काय काका, सवत आली म्हणायची,” जाता जाता सिस्टर म्हणाल्या.

“देखणी आहे. अक्कल किती, ते बघू.”

“मग बोलून तरी बघा तिच्याशी.”

त्या दुपारपासून काकांनी परीक्षा आरंभली. जेवणाच्या सुट्टीत, दालनात चिटपाखरू नसताना, रोज चार प्रश्न. उत्तर वाचायचे, वहीत शेरा मारायचा, पहिल्या पानावर परतायचे, पुढचा प्रश्न. कामाचे पंचवीस दिवस सरले, तरी एक चूक सापडेना. जळफळाट मात्र वाढत गेला.

३१ तारखेला आकडे लागले. यंत्र ५४०, खिडकी ४८७.

“हे माणसं मोजतं कसं?” काकांनी यंत्राच्या तंत्रज्ञाला विचारले.

“सोपं आहे. पहिल्या पानावर कुणी परतलं, की एक माणूस धरायचा.”

काकांनी वहीतले प्रश्न मोजले. स्वतःच्याच बोटाने त्यांनी सवतीचे पारडे शंभराने जड केले होते. पुरावा वहीत होता. पण वही दाखवायची म्हणजे आपला मत्सर चव्हाट्यावर मांडायचा. घटकाभर त्यांनी तळघराचा विचार केला, आणि वही घेऊन जिना चढले.

अधीक्षकबाईंनी पाने उलटली. तारीख, वेळ, प्रश्न, शेरा.

“‘बरोबर. दुर्दैवाने बरोबर.’ काका, हे शंभर वेळा लिहिलंत?”

“हो मॅडम. ते शंभर वजा करा.”

“म्हणजे यंत्र चुकत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत.”

“केलं. आता वजाबाकी करा.”

हसू दाबत बाईंनी ती केली.

यंत्र ४४०, खिडकी ४८७.