सहा फुटांवरचा नंबर

आगाथा पेनरला एकच हवं होतं: नवऱ्याला आपल्या हातानं भरवायचं. कॉर्नेलियसला स्वतःचं नावही आठवत नव्हतं, पण बायकोच्या हातात चमचा दिसला की तोंड उघडायचा. मॅनिटोबातल्या त्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक डायर साहेब, त्यांना हे कसं बघवणार! ठसका लागला तर जबाबदार कोण? फर्मान निघालं, भरवायचं ते प्रशिक्षित माणसानंच. आगाथाची चाकांची खुर्ची जेवणघराबाहेर. आत प्रशिक्षित पोरगी चमचा धरून बसायची आणि कॉर्नेलियस ओठ घट्ट मिटून. तीन आठवड्यांत म्हातारा पाच किलो उतरला.

"तक्रार करा की, आजी!" डायर गोड हसले. "स्वतंत्र लोकपालांचा नंबर भिंतीवर लावलाय. आठ वर्षांत एक तक्रार नाही, आहात कुठे!"

लावला होता खरा. सहा फुटांवर, मुंगीएवढ्या आकड्यांत. आणि आश्रमातली झाडून सगळी माणसं चाकांच्या खुर्चीत! कसली डोंबलाची तक्रार येतेय?

शेवटी दिवा बदलायला शिडीवर चढलेल्या आश्रमाच्या गड्याला, ऑर्विलला, तिनं गाठलं. "बाबा रे, वर आहेसच तर तेवढा नंबर वाच."

लोकपाल सिंक्लेअरबाई गुरुवारी आल्या. डायरनी रुबार्बचा केक मांडला आणि स्वतःही खुर्ची ओढली.

"तुम्ही बाहेर थांबा," बाई म्हणाल्या. मग आगाथाला, "तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाव फुटणार नाही."

"अहो, इथे नवऱ्यासाठी भांडणारी मी एकटीच. लपवताय कुणापासून? ठळक लिहा!"

बाईंनी डायरकडे नियम मागितला. कायद्यात तसलं काही नव्हतंच. होती ती मुख्य कचेरीची सूचना, तीही "शक्यतो" अशी. त्याच दुपारी आगाथा आत गेली. "कॉर्नी, सूप निवतंय हं." तोंड उघडलं. तिला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी डायरनी लोकपालांचा नंबर "सुरक्षिततेसाठी" आणखी फूटभर वर चढवला.

रविवारच्या प्रार्थनेला म्हणायच्या स्तोत्रांचे पुस्तकातले क्रमांक फळीवर लावायचं काम वर्षानुवर्षं आगाथाकडेच होतं, आणि ती फळी बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर. त्या रविवारी तिनं लोकपालांचा फोन नंबर तीन ओळींत लावून टाकला. पाद्रीबाबा पुस्तक चाळून चाळून दमले. मागे म्हाताऱ्यांच्या बिंगो खेळायच्या पेन्सिली भराभर खरडत होत्या.

सोमवारी सकाळी फोनपाशी अकरा खुर्च्यांची रांग लागली. आगाथा रांगेत नव्हती. नाश्त्याची वेळ झाली होती, आणि कॉर्नेलियस आ करून बसला होता.