विचार करणाऱ्या यंत्राची वहिनी

जगातल्या प्रत्येक मोठ्या कंपनीचा पाया दूरदृष्टीवर उभा असतो. आमच्या कंपनीचा पाया एका शिंप्याच्या माडीवर उभा होता, आणि खाली शिंप्यानं जाड कापड शिवायला घेतलं की तो थरथरायचा.

त्या खोलीत एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि माझी थोरली वहिनी, एवढंच भांडवल होतं. धंदा साधा. घरातलं यंत्र बिघडलं की ग्राहकानं आम्हाला लिहायचं. आमचा कॉम्प्युटर बिघाड ओळखून जवळचा मेकॅनिक पाठवणार. जाहिरातीत मी ‘विचार करणारं यंत्र’ असं ठोकून दिलं होतं. त्या यंत्राला विचार शिकवायला मला सहा महिने लागणार होते आणि जाहिरात सोमवारी आली. तोवर विचार वहिनींनी करायचा, असं ठरलं.

वहिनी वीस वर्षं दादाच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसल्या होत्या. ‘घुर्र होतं की खट्खट्?’ एवढं विचारून पट्टा तुटलाय की बेअरिंग गेलंय, हे सांगायच्या. दादा गेला, दुकान बंद झालं, आणि एवढी विद्या घरात नुसती बसून होती.

ग्राहकाचा प्रश्न आला की त्याच्या पडद्यावर तीन ठिपके नाचू लागत. म्हणजे यंत्र विचार करतंय. खरं तर वहिनी चष्मा शोधत असायच्या. जेवणाच्या सुट्टीत ठिपके चाळीस मिनिटं नाचायचे. एका ग्राहकानं आवर्जून कळवलं, की तुमचं यंत्र दुपारी फार खोलात जातं.

कुणी लिही, ‘पंखा फिरत नाही.’ यंत्र उत्तर देई, ‘आधी बटण दाबा, मग लिहा.’ एका गृहस्थांना तर त्यानं सुनावलं, ‘गेल्या महिन्यातही खिशातली किल्ली मशीनमध्ये गेली होती. घरी सांगितलंत का?’ यंत्राच्या स्मरणशक्तीनं ते इतके हादरले, की त्यांनी आम्हाला चौदा ग्राहक आणून दिले.

“वहिनी, यंत्र असं बोलत नाही हो,” मी म्हणायचो.

“मग यंत्राला बसवा इथं, भाऊजी. मी निघते.”

आमच्याकडे मीटिंग नावाचा प्रकार नव्हता. काही ठरवायचं असलं की खालचं शिलाईमशीन थांबायची वाट बघायची आणि शिंपी दोरा ओवेपर्यंत बोलून घ्यायचं. एवढ्या झटपट निर्णय मी पुन्हा कधी घेतले नाहीत. पुढं काचेच्या इमारतीत गेलो, हवी तेवढी शांतता मिळाली, आणि खुर्च्यांचा रंग ठरायला तीन आठवडे लागले.

यंत्र अखेर खरंखुरं झालं. वहिनींच्या अकरा हजार उत्तरांवर ते शिकलं, आणि शिकलं ते सगळंच शिकलं. वहिनी घरी बसल्या; काही वर्षांनी कंपनी विकून मीही.

गेल्या आठवड्यात तिथल्या नव्या मॅनेजरबाई कागद घेऊन आल्या. “काका, यंत्राचं बोलणं बदलायचंय. ते लोकांच्या अंगावर येतं.”

“अंगावर नाही येत. घरचं बोलतं.”

“परवा एका कारखान्याच्या मालकांना त्यानं ‘डोळे कुठं ठेवले होते’ असं विचारलं.”

“मग, कुठं ठेवले होते?”

बाई हसल्या नाहीत. कंपनी विकताना मी एक कलम घालून घेतलं होतं: जुनी उत्तरं पुसायची तर माझी सही लागेल. एकदा पुसली की परत येणार नव्हती. मी म्हटलं, ज्यांची उत्तरं आहेत त्यांना विचारतो. वहिनी पुसायला नाही म्हणतील याची मला खात्री होती. म्हणून तर विचारायला निघालो. त्या माडीवर आता दातांचा दवाखाना आहे. शिंपी कुठं गेला, ठाऊक नाही. त्या दिवसांतला, यंत्रातला वहिनींचा आवाज तेवढा उरला होता.

वहिनींपुढे मी फोन ठेवला. “काही विचारून बघा.”

त्यांनी एका बोटानं लिहिलं, ‘कपड्यांचं मशीन पाणी सोडत नाही.’

उत्तर लगेच आलं: ‘फिल्टर शेवटचा कधी धुतलात? आठवत नाही ना? वाटलंच मला. मेकॅनिक चारला येईल, घरी थांबा.’

वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला. “कोण ही बाई?”

“तुम्ही.”

“मी अशी बोलायचे?”

“रोज.”

“आणि लोक ऐकून घ्यायचे?”

“रांग लावून.”

त्यांनी उत्तर पुन्हा एकदा वाचलं. “तुमचे दादा म्हणायचे, गिऱ्हाइकाशी जरा गोड बोलत जा. मी म्हणायचे, गोडच तर बोलते.” मग फोन माझ्याकडे सरकवला. “पुसून टाका, भाऊजी. मी गेल्यावरही लोकांवर खेकसत बसायचं म्हणजे काय?”

मी वाटेत भाषण तयार केलं होतं. ते केलं. हा वारसा आहे, या आवाजावर तीन मजले उभे राहिले, दोनशे घरं चालली, माणसाची ऊब म्हणतात ती हीच.

“झालं?” वहिनी म्हणाल्या.

“झालं.”

“मग सही करा. पण आज नको, उद्या करा.”

मला वाटलं, विरघळल्या. “का हो, वहिनी?”

“तो मेकॅनिक चारला येऊन जाऊ दे. सकाळपासून चादरी पाण्यातच आहेत. आणि उठताच आहात तर मोरीतली ती बादली तेवढी मशीनखाली सरकवा.”