पावसाच्या वहीतलं शून्य

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा असेल तर माझे उरलेले तीन दात आत्ताच्या आत्ता पडू देत.

साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि दुधाच्या पातेल्याजवळच्या मांजराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"आजी, त्या दिवशी पाऊस किती पडला ते वाचा."

चष्मा लावला, वाचलं. शून्य. चांगलं गोल, टपोरं शून्य, आणि अक्षर आमच्या भाऊजींचं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. गाव त्यांना 'पारा' म्हणायचं. सकाळी आठला कचेरीच्या अंगणातलं पावसाचं माप बघायचं, पारा बघायचा, आकडे वहीत उतरवायचे आणि मग चौकातल्या फळ्यावर खडूने लिहायचे, अशी त्यांची अडतीस वर्षांची नोकरी. इतक्या वह्यांमध्ये एक खाडाखोड नाही. जेवायला वाढताना मी विचारायचे, भाजीत मीठ किती मिलिमीटर हवं?

हे नवे साहेब आले आणि त्यांनी हुकूम काढला. हवामानाखाली, पूर्वी याच तारखेला गावात काय घडलं तेही लिहा. आमच्या गावात घडणार काय, कपाळ? एकदा भाऊजींनी 'टपाल कचेरीच्या घड्याळाला नवा काटा बसवला' एवढ्यावर भागवलं होतं.

पण एका सकाळी मी भाजी आणायला निघाले तर फळ्यापुढे ही गर्दी. लिहिलं होतं: 'अडतीस वर्षांपूर्वी मुसळधार पाऊस. खालच्या गल्लीत पाणी शिरलं. एका बाईने शाळेची घंटा वाजवून सत्तर माणसं जागी केली.'

ती बाई मी. ही गोष्ट मी जन्मभर सांगत आलेय. आता सांगताना दरवर्षी पाणी वीतभर चढायचं हे मान्य. शेवटी शेवटी तर शेजाऱ्यांची म्हैस छपरावर उभी असायची. त्यामुळे गावाने ती कधीच मनावर घेतली नाही, आणि खालच्या गल्लीची माणसं पुरानंतर चार दिशांना पांगलेली, म्हणजे साक्षीला कुणी नाही. फळा वाचून पहिल्यांदा मला भाऊजींचाच संशय आला. हा माणूस नोकरीतून जाता जाता माझी टर उडवतोय. समोरच्या शिवणवालीला माझा संशय आला, मीच भाऊजींना फितवलं म्हणून. ती साहेबांच्या कानाला लागली. साहेब स्वतःच्या सावलीलाही ओळखपत्र मागणारे. त्यांनी पुराच्या वर्षाची जुनी वही काढली आणि आम्हा दोघांना कचेरीत बोलावलं.

"एक तर फळा खोटा, नाहीतर वही," साहेब म्हणाले. वही खरी असेल तर फळा पुसायचा, आजींच्या थापा लिहिल्याबद्दल दोन ओळींची माफी, विषय संपला. वही खोटी असेल तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायला नकोच होतं. भाऊजींच्या निवृत्तीला सतरा दिवस उरले होते. 'एकही नोंद चुकीची नाही' असा दाखला मिळणार होता, तो लावायला त्यांनी घरी भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

मला वाटलं, आता भाऊजी म्हणतील, वहिनींना थापा मारायची सवयच आहे. गावाने मान डोलावली असती. खरं सांगायचं तर मीही डोलावली असती.

भाऊजींनी खिशातलं पेन काढलं. त्या शून्यावर एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'नोंद खोटी. माप बघितलं नाही.' खाली सही केली.

"का नाही बघितलं?"

"झोपलो होतो, साहेब. दुपारी गेलो तर माप भरून वाहत होतं, आकडा कुठून आणणार? रकाना मोकळा दिसला तर नोकरी जाईल, म्हणून शून्य टाकलं."

"एवढी घंटा वाजत होती आणि तुम्ही झोपला होतात?"

"हो."

साहेब माझ्याकडे वळले. "आजी, हे खरं आहे?"

माझी ही जीभ स्वतःच्या लग्नातसुद्धा गप्प बसली नव्हती. तिथे मात्र टाळ्याला चिकटली. मी नुसती होकाराची मान हलवली.

घरी येताना भाऊजी आभाळाकडे बघत एवढंच म्हणाले, "वहिनी, उद्या बाहेर पडलात तर छत्री घ्या."

दाखला काही मिळाला नाही. त्या खिळ्याला ते शेवटपर्यंत आपली छत्री अडकवायचे.

आता एवढं ऐकलंत तर सांगून टाकते. यातली एक गोष्ट मी पदरची घातलेली आहे. घंटा मी नाही वाजवली. मी पोरांना छातीशी धरून माळ्यावर बसले होते. उजाडल्यापासून दुपारपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून घंटा वाजवली ती भाऊजींनी. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मला विचारलं, तूच ना गं ती? मी हो म्हटलं. ते शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत.

म्हैस मात्र छपरावर होती.