दारावरची झडप आणि पेंगणारा वर्ग

मी दारावरची झडप बोलतेय. वर्गाच्या दाराच्या चौकटीवर, छतापासून हातभर खाली, दोन बिजागऱ्यांवर टांगलेली काचेची फळी. खालची हवा तापून वर आली की तिला बाहेरची वाट दाखवायची, एवढंच माझं काम. दिसायला मी किरकोळ, पण हे काम या इमारतीत माझ्यासारखं कोणी करत नाही, हे मी बिनदिक्कत सांगते.

मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "खिडक्या माणसं लावून घेतात. थंडी, धूळ, गोंगाट, निमित्ताला काय तोटा? ही तेवढी उघडी राहू दे." त्याने मला दोरी बांधली आणि तो गेला. पुढं पंचवीस वर्षं खडूची धूळ, ओले मोजे, चाळीस डब्यांचे वास माझ्याच वाटेने बाहेर गेले.

मग एका सुट्टीत शाळेला नवं रूप द्यायचं ठरलं. रंगारी घाईत होता. त्याने माझ्यावर आणि चौकटीवर ऑइलपेंटचे दोन हात एकदमच मारले. रंग वाळला आणि मी चौकटीला चिकटले. दोरी उगाच लोंबते म्हणून तीही कापली. खाली वर्गात भुसा दाबून केलेल्या फळ्यांची नवी बाकं आली, त्यांचा गोंद आणि व्हार्निश अजून ताजं. फळ्याच्या जागी पांढरा बोर्ड आला आणि त्याच्यासोबत उग्र वासाची पेनं. रस्त्यावरची वाहनं वाढली म्हणून खिडक्याही बंद झाल्या.

सफाईच्या मावशींची रीत आणखी वेगळी. वासच आला नाही तर पुसलंय असं कोण म्हणेल? बाटलीवर लिहिलं होतं एक बूच फिनेल, त्या तीन ओतत. वर वास उडून जाऊ नये म्हणून दार घट्ट ओढून घेत. कामचुकारपणा नव्हता त्यात. उलट जीव ओतून करत होत्या.

त्या वर्षी मुलं पेंगू लागली. कोणी डोळे चोळी, कोणी डोकं धरून बसे. एका मुलीचा खोकला थांबेना. व्हरांड्यातून जाताना शेजारच्या वर्गाचे सर आमच्या वर्गाच्या बाईंना विचारत, "काय बाई, पाळणाघर कसं चाललंय? आज अंगाई कोणती?" बाई हसण्यावारी नेत.

मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. "बाई, तुमच्या वर्गात मुलं जागी राहत नाहीत. पंधरा दिवसांनी सोमवारी पहिल्या तासाला मी येतो. हेच दिसलं तर वर्ग दुसऱ्या कोणाकडे द्यावा लागेल."

बावीस वर्षं याच खोलीत शिकवलेल्या बाई तिथेच बाकावर बसल्या. मग उठून त्यांनी एक वही केली. कोणाचं डोकं कोणत्या तासाला दुखलं, सगळं त्यात टिपलं. वहीत स्पष्ट दिसलं: दोन दिवस खोली बंद राहिल्यावरचा सोमवार सर्वांत वाईट, आणि मैदानावरच्या तासाला सगळे ठणठणीत.

"मावशी, फिनेल जरा कमी घालाल का?" त्यांनी विचारून पाहिलं.

"म्हणजे माझं पुसणं आता तुम्हाला खुपायला लागलं?" मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

सोमवारी मोठे सर आले. एरवी ते दारातच दहा मिनिटं उभे राहून जात. बाई म्हणाल्या, "आत मागच्या बाकावर बसा, सर. पण पूर्ण तास बसायचं." आणि रोजच्यासारखं दार लावून घेतलं.

वीस मिनिटांत सरांच्या डोळ्यांना पाणी आलं. पुढं एक जांभई, मग दुसरी. खोकणारी मुलगी मागे वळून म्हणाली, "सर, तुम्हालाही येतेय ना? आम्हाला रोजच येते."

सरांनी कपाळ चोळलं. "बाई, कसला वास हा?"

बाईंनी वही त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी ती शेवटपर्यंत वाचली, मग चारही भिंतींकडे पाहत नजर माझ्यापर्यंत आणली. "ही उघडत नाही?"

मावशींना बोलावलं. स्टुलावर चढून त्यांनी सुरीने रंगाची कड कापली आणि मला तळव्याचा असा दणका दिला की एक बिजागरी तुटली, पण मी उघडले. महिनोन्‌महिने कोंडलेली हवा त्यांच्या तोंडावरूनच बाहेर पडली. त्या खोकत खाली उतरल्या. "बाई गं, हे सगळं मीच कोंडत होते?"

"एकट्या तुम्ही नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "रंग, बाकं, पेनं, सगळ्यांनीच हातभार लावलाय."

वर्ग बाईंकडेच राहिला. बाकं आठ दिवस अंगणात उन्हात काढली, तेवढे दिवस मुलं व्हरांड्यात सतरंजीवर शिकली. आता दर तासानंतर खिडक्या उघडतात. त्या मुलीच्या दप्तरात औषध आहे, पण कैक दिवस त्याला हात लागत नाही.

मी एका बिजागरीवर आणि तुटलेल्या बाजूला बांधलेल्या तारेच्या वेढ्यावर लटकले आहे. पूर्ण मिटत नाही. थंडी पडली की कोणीतरी म्हणतंच, सुताराला बोलवा, ही नीट लागत नाही. माझं मागणं एकच आहे: सुतार आला तर त्याला आधी बाईंकडे पाठवा. काय दुरुस्त करायचं नाही, ते त्या सांगतील.