वरून दिसणारं घर

धाकटीने भिंग उचललं आणि फोटोवर हात टेकवून पुढे वाकली.

"हात नका लावू," नकाशा कार्यालयातल्या बाई म्हणाल्या.

तिने चटकन हात मागे घेतला. साठी उलटली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. शेजारी तिचा थोरला भाऊ, दादा, हाताची घडी घालून बसला होता. निकाल आपल्याच बाजूने लागणार असल्यासारखा.

त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा दादा शाळेत जात होता. धाकटीचं नाव शाळेत घालायचं राहिलंच होतं; ते पुढे नव्या गावात घातलं. आता ती नातवंडांसाठी त्या गावाचं छोटंसं पुस्तक लिहायला बसली आणि पहिल्याच पानावर गाडं अडलं. घराचं दार नदीकडे होतं, असं तिने लिहिलं. दादाने खोडून 'टेकडीकडे' केलं. तिने तेही खोडलं. गोष्ट अबोल्यावर आली. मग कळलं, की गाव बुडण्याआधी सरकारने विमानातून फोटो काढून ठेवलेत.

"प्रत एकाच माणसाच्या नावावर मिळेल," बाईंनी पहिल्या खेपेलाच सांगितलं होतं. "इतरांना दाखवायची नाही. छापायची तर परवाना वेगळा, दरही वेगळे."

"आमच्याच घराचा फोटो मी दादाला दाखवायचा नाही?"

"घर तुमचं, पण फोटोचे हक्क सरकारचे." बाई जरा ओशाळल्या. "इथे बसून बघायला मात्र पैसे पडत नाहीत. दोघंही या."

"गाव घेतलं, आता फोटोही त्यांचाच," असं कुरकुरत का होईना, दादा आज आला होता.

आधी पूल सापडला, मग शाळा आणि मग घर.

"छप्पर," धाकटी म्हणाली. "नुसतं छप्परच दिसतंय."

दादाने भिंग ओढून घेतलं. वरून पाहिल्यावर दार कुठून दिसणार, हे दोघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं. धाकटीला हसू फुटलं, मग दादालाही.

बाईंनी दिवा खाली ओढला. त्यांनाही आता राहवेना. "या पांढुरक्या रेघा बघा. पायवाटा आहेत. चालून चालून गवत मरतं ना, तशा."

छपरापासून एक रेघ टेकडीवरून शाळेकडे गेली होती. दादाने तिच्यावर बोट अधांतरी धरलं.

"बघ! हे आपलं दार."

"आणि ही?"

छपराच्या दुसऱ्या अंगाने निघालेली रेघ थेट नदीला भिडत होती. दादाने भिंग त्या रेघेवरून नदीपर्यंत नेलं.

"मागचं दार," तो म्हणाला. "होतं खरं. मी त्या बाजूला कधी गेलोच नाही."

धाकटीने वही उघडली आणि बाईंना विचारलं, "हाताने काढून घेतलं तर चालेल?"

"ते तुमचं चित्र झालं. काढा की."

ती रेघा काढू लागली. दादाने भिंग अजून खाली ठेवलं नव्हतं.

"ही जास्त पांढरी आहे गं. शाळेच्या वाटेपेक्षा."

"माझी कळशी लहान होती ना, खेपा जास्त व्हायच्या," धाकटी वहीतून मान वर न काढता म्हणाली.